जॅझ आणि आमची उपज

चित्रपटसंगीतावर मराठींत जें लिहिलें जातें त्यांत चाल बांधणारा आणि ती गाणारा या दोघांचाच विचार होतो. फार झालें तर गीतकारासाठीं तिसरें पान मांडलें जातें. परंतु दोन कडव्यांमधील जागा ज्यानें स्वरांनीं भरली, गायकाच्या ओळीला मागून ज्यानें उत्तर दिलें, इतक्या वादकांपैकीं कोणीं कोठें वाजवावें आणि कोठें थांबावें हें ज्यानें ठरविलें, तो चौथा इसम पंक्तीच्या बाहेरच उभा असतो. श्रोत्याला त्याचें नांव ठाऊक नसतें हें एक वेळ क्षम्य आहे. टीकाकारालाहि तें ठाऊक नसावें हें क्षम्य नाहीं.

ही उपेक्षा केवळ सौजन्याच्या अभावाची गोष्ट असती तर तिच्यासाठीं एवढा कागद खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. पण तिच्या पोटीं एक खरोखरीचा कलाविषयक प्रश्न दडलेला आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं निर्माण केलेली जॅझ नांवाची कला १९३५ च्या सुमारास मुंबईंत रुजूं लागली; गोवेकर वादकांनीं ती उचलली; त्यांच्या हातून ती बोलपटांत शिरली; आणि बोलपटांतून ती आमच्या औसा-किल्लारीकडील लग्नाच्या वरातीपर्यंत येऊन पोंचली. इतक्या लांबच्या प्रवासांत त्या कलेचें काय टिकलें आणि काय गळून पडलें, हा तो प्रश्न होय. आमचें उत्तर असें आहे कीं, तिचा वेष टिकला आणि तिचा प्राण गळाला; आणि खेदाची गोष्ट ही कीं, जो प्राण गळाला तो आम्हांस परका नव्हता, आमच्याच घरचा होता. चिक चॉकलेट या नांवानें ओळखल्या गेलेल्या एका गोवेकर ट्रंपेटवादकाचें जीवित समोर ठेवून हें उत्तर तपासून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम या कलेच्या जन्माविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ, न्यू ऑर्लीन्स हें बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें पितळी वाद्यांच्या ताफ्यांचें फार प्रस्थ होतें. मिरवणूक असो, नाच असो कीं प्रेतयात्रा असो, ताफ्याशिवाय कोणतेंहि कार्य शोभत नसे. या ताफ्यांत दोन प्रकारचे वादक होते. एक क्रिओल, म्हणजे फ्रेंच व आफ्रिकन अशा मिश्र वंशाचे. यांच्यांतील पुष्कळांनीं युरोपीय पद्धतीचें रीतसर शिक्षण घेतलेलें होतें आणि ते कागदावरील स्वरलिपि वाचून वाजवीत. दुसरे, गुलामगिरींतून सुटलेल्यांची संतति; यांना कागदाची ओळख क्वचितच असे, पण यांचा कान तयार होता आणि श्रमगीतें व देवळांतील सामुदायिक गायन यांचा संस्कार त्यांच्या अंगीं मुरलेला होता. १८९० च्या दशकांत लुइझियाना प्रांतांत वर्णभेदाचे कायदे कडक झाले आणि आजवर स्वतःला वेगळे समजणारे क्रिओल एकाएकीं दुसऱ्यांच्याच रांगेंत ढकलले गेले. अन्यायाच्या त्या सक्तीनें दोन्ही प्रकारचे वादक एकाच ताफ्यांत आले. वाचणाऱ्यानें कानावर वाजविणाऱ्याला शिस्त दिली आणि कानावर वाजविणाऱ्यानें वाचणाऱ्याला मोकळीक शिकविली. या देवघेवींतून जॅझ जन्मला असें म्हटल्यास फारशी चूक होणार नाहीं.

त्याच्या आद्य पुरुषांपैकीं बडी बोल्डन (१८७७–१९३१) याचा एकहि स्वर आज ऐकूं येत नाहीं. १९०७ सालीं त्याला वेडाच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें आणि तेथेंच त्याचा अंत झाला. मागें उरली ती केवळ ऐकणाऱ्यांची आठवण. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ सालीं निघाली, पण ती गोऱ्या वादकांची होती. ज्यांची ही कला, त्यांना तबकडीवर यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. जो ऑलिव्हर यानें १९२२ सालीं लुई आर्मस्ट्राँग या आपल्या तरुण शिष्याला शिकागोस बोलावून घेतलें, आणि १९२३ मध्यें त्या दोघांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या. आर्मस्ट्राँगचा जन्म १९०१ सालचा. बालपणीं सुधारगृहांत असतांना त्याला वाद्याचें शिक्षण मिळालें. १९२५ पासून पुढें त्यानें स्वतःच्या लहानशा ताफ्यासह ज्या तबकड्या काढल्या, त्यांनीं जॅझचें रूपच पालटलें. तोंवर सर्व वादक एकाच वेळीं मिळून वाजवीत. आतां एक वादक पुढें येऊन, गाण्याचा सांगाडा तोच ठेवून, त्यावर क्षणोक्षणीं नवी स्वररचना करूं लागला. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज्’च्या आरंभीं साथीवांचून एकटा ट्रंपेट जें कांहीं बोलतो, तें ऐकतांना आमच्या श्रोत्याला ख्यालापूर्वीच्या आलापीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

ठरलेल्या चौकटींत राहून आयत्या वेळीं सुचलेलें सांगणें, यालाच आमचे गवई उपज म्हणतात. जॅझचा प्राण तो हाच. त्याचा लयीचा झोल, ताशीव तालाच्या जरा मागेंपुढें पडणारा आघात, पितळी वाद्यांचा झगझगीत स्वर, हें सर्व त्या प्राणाचें शरीर होय. शरीरावांचून प्राण राहत नाहीं हें खरें. परंतु शरीर उचलून आणलें म्हणजे प्राण आपोआप बरोबर येतोच असें नाहीं.

ही कला मुंबईस आली ती १९०३ सालीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यशाळेंत. १९३५ सालीं लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन तेथें आला. पुढच्या वर्षांत टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. हा शिकागोंत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदांत बसलेला, पुढें शांघायला नांव मिळविलेला असा मोठा अनुभवी कलावंत. १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें त्याचा अंत झाला. स्वदेशीं ज्यांना मागल्या दारानें जावें लागे ते हे वादक मुंबईच्या साहेबांना, संस्थानिकांना आणि धनिक पारशांना नाचवूं लागले. त्यांच्या ताफ्यांत या देशांतील वादकांनाहि जागा मिळाली, आणि ज्यांना मिळाली त्यांत गोवेकर पुष्कळ होते. जी विद्या पूर्वीं तबकडीला कान लावून चोरावी लागे, ती आतां शेजारच्या खुर्चीवर बसून शिकतां येऊं लागली.

गोवेकरच कां, याचें कारण उघड आहे. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चांना जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत मुलांना उपासनेसाठीं गायन, व्हायोलिन आणि स्वरलिपीचें वाचन शिकवीत. हा क्रम कित्येक पिढ्या चालला. त्यामुळें गोव्याच्या ख्रिस्ती खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगाहि कागदावरचे स्वर सहज वाचूं शके. गांवांत पोट भरेना तेव्हां हीच विद्या घेऊन तो मुंबईस येई, आणि मूकपटांच्या साथीपासून आगगाडीच्या जलशांपर्यंत, पोलिसांच्या बँडपासून हॉटेलांच्या नृत्यशाळांपर्यंत मिळेल तेथें वाजवी. न्यू ऑर्लीन्सच्या क्रिओल वादकाशीं याचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. दोघेहि कागद वाचणारे, दोघेहि दोन संस्कृतींच्या सीमेवर राहणारे, आणि दोघांकडेहि दोन्ही बाजूंचे लोक किंचित् संशयानेंच पाहणारे.

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ सालीं गोव्याच्या बार्देश तालुक्यांतील हळदोणें गांवीं झाला. हेच पुढें चिक चॉकलेट झाले. आर्मस्ट्राँग हें त्यांचें दैवत होतें. त्याच्या तबकड्या ऐकून त्यांनीं आपला ट्रंपेट घडविला, त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढून गाणें म्हणावयास ते शिकले, आणि लोकांनीं त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी बहाल केली. ताजमहाल हॉटेलांत त्यांचा ताफा गाजला. ‘म्यूझिक मेकर्स’ या नांवानें त्यांच्या तबकड्याहि निघाल्या.

ही पदवी गौरवाची खरी, पण टीकाकारानें तिच्याकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. कोणत्याहि गवयाला ‘दुसरा अब्दुल करीम’ म्हटलें म्हणजे त्याची स्तुति होते आणि त्याच श्वासांत त्याला दुय्यम ठरविलें जातें. अनुकरणावांचून शिष्याला गति नाहीं हें आमच्या घराण्यांनीं पूर्वींच ओळखलें आहे. परंतु घराण्याच्या शिक्षणाचा हेतु असा कीं, शिष्यानें गुरूच्या गायकींत इतकें मुरावें कीं अखेर त्याची स्वतःची गायकी बाहेर पडावी. चिक चॉकलेट यांच्या बाबतींत हॉटेलाच्या गिऱ्हाइकाला ही अखेर नकोच होती. त्याला हवा होता तो आर्मस्ट्राँग, आणि तोहि समुद्र न ओलांडतां मिळणारा. ज्या बाजारांत हुबेहूब नकलेला अधिक भाव मिळतो, तेथें स्वतःचें सांगणें ही वादकाला परवडणारी चैन नसते. तरीहि त्यांच्या फुंकरींतील आत्मविश्वास, स्वर टिपेला नेऊन तेथें क्षणभर थरथरत ठेवण्याची त्यांची हातोटी, हीं निव्वळ नकलाकाराचीं लक्षणें नव्हेत. हा मनुष्य बोलूं शकत होता. प्रश्न एवढाच कीं, त्याला बोलूं कोणी दिलें काय?

स्वातंत्र्यानंतर हॉटेलांचें जग आकसलें. साहेब गेला, संस्थानिकांचे तनखे मोजके झाले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें रात्रींचीं नृत्यगृहें निस्तेज केलीं. वादकांना दुसरें अन्नछत्र पाहणें भाग होतें, आणि तें बोलपटांच्या रूपानें शेजारींच उभें होतें. येथें चिक चॉकलेट यांची गांठ एका अस्सल मराठी माणसाशीं पडली. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धन आणि नागपूरचे शंकरराव सप्रे यांच्यापाशीं त्यांनीं गायनाचे धडे घेतले होते. पेटीवर हात बसलेला, चालींचा झरा अखंड वाहता, आणि नव्या गोष्टींची हौस विलक्षण. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधि’ (१९५०) या पटांतून त्यांनीं पाश्चात्य नृत्यसंगीताचा ठेका घरोघर पोंचविला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’नें त्यावर कळस चढविला.

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा. गिरणगांवाच्या रक्तामांसाचा हा नट. त्याचें संथ, खांदे हालवीत चालणारें नृत्य महाराष्ट्रांतील कोणत्याहि गणपतिउत्सवांत आजहि ओळखूं येतें. या पटांतील एका गाजलेल्या गीतांत बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा मेळ आहे. एका नृत्यगीताच्या प्रसंगीं तर चिक चॉकलेट यांचा ताफाच पडद्यावर दिसतो. त्याच पटांत पिलूच्या छायेंतील एक अंगाईहि आहे, आणि दोन्हींचा कर्ता एकच, यावरून चितळकरांच्या प्रतिभेची व्याप्ति ध्यानांत यावी.

आतां हीं गाणीं जॅझ या दृष्टीनें तपासून पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, त्यांतील पुष्कळसा ठेका शिकागोचा नसून क्यूबा व दक्षिण अमेरिकेकडील नाचांचा आहे. बाँगो हें वाद्यच मुळीं तिकडचें. हॉटेलांच्या ताफ्यांना सर्वच नाच वाजवावे लागत. म्हणून त्यांच्या हातून जें आलें तें मिसळलेलें आलें. यांत दोष नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, गायकाच्या प्रत्येक ओळीनंतर ट्रंपेट जें चटकदार उत्तर देतो तें नि:संशय जॅझच्या घराण्याचें आहे. प्रश्न आणि उत्तर ही त्या कलेची अगदीं जुनी चाल होय. पण तिसरी गोष्ट निर्णायक आहे : हें उत्तर प्रत्येक वेळीं तेंच असतें. पहिल्या कडव्यानंतर जें वाजलें तेंच तिसऱ्या कडव्यानंतर वाजतें. तें कागदावर लिहिलेलें आहे. तें सुचलेलें नाहीं, किंवा एकदां सुचलें आणि मग खिळ्यानें ठोकून बसविलें गेलें. ट्रंपेट बोलतो आहे असा भास होतो. वस्तुतः तो पाठ म्हणत असतो.

याच्या समर्थनार्थ दोन कारणें नेहमीं पुढें करतात. पहिलें असें कीं, तीन मिनिटांच्या तबकडींत उपजेला अवकाश कोठून मिळणार? हें कारण एक क्षणहि टिकण्यासारखें नाहीं. आर्मस्ट्राँगच्या ज्या तबकड्यांनीं जॅझचें रूप पालटलें त्याहि तीन मिनिटांच्याच होत्या. दूर कशाला जावें? अब्दुल करीम खाँ यांचा ख्याल आणि बालगंधर्वांचें नाट्यपद हीं महाराष्ट्रानें तेवढ्याच तबकड्यांवर ऐकलीं, आणि तेवढ्या अवधींत तान कशी उमलते, तिची जागा कशी बदलते, हें आमच्या साध्यासुध्या श्रोत्यालाहि पुरतें समजत होतें. उपज ऐकण्याची संवय त्याला होती. पेटीवाल्यानें किंवा सारंगियानें गवयाच्या मागून घेतलेल्या एखाद्या जागेला दाद देणारा श्रोता ट्रंपेटच्या उपजेला दाद देता ना, असें म्हणण्यास आधार काय?

दुसरें कारण अधिक वजनदार आहे. बोलपटाचें गाणें पडद्यावरील नटासाठीं असतें. नट तोंड हालवीत नसेल तेव्हां कॅमेऱ्यानें काय दाखवावें? म्हणून कंठ हा राजा आणि वाद्यें हे त्याचे चोपदार. हें खरें आहे. पण हें व्यवसायाचें कारण झालें, कलेचें नव्हे. आणि याहि मर्यादेंत जागा काढतां येते याचा पुरावा चिक चॉकलेट यांच्याच जीविताच्या अखेरीस सांपडतो. चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ (१९६६) या पटांत, खय्याम यांच्या संगीतांत, रात्रींच्या नृत्यगृहाचा एक प्रसंग आहे. भूपिंदर गातात, आणि मधूनमधून कॅमेरा चिक चॉकलेट व त्यांच्या ट्रंपेटकडे वळतो. त्या थोड्या क्षणांत ट्रंपेट गाण्याचा चोपदार नसतो, सोबती असतो. ज्या माणसानें इतकीं वर्षें पडद्यामागें फुंकर घातली त्याचा चेहरा आणि स्वर तेथें एकत्र भेटतात, आणि यास हें पूर्वींच कां मिळालें नाहीं असें वाटून ऐकणारा अस्वस्थ होतो.

आमच्या मतें खरें कारण वेगळें आहे, आणि तें कामाच्या वांटणींत आहे. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवी. गोवेकर सहाय्यक ती ऐकतां ऐकतां युरोपीय स्वरलिपींत उतरवून घेई. मग तिच्या मधल्या जागा रचून, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करून, तो वादकांना वांटी. या पद्धतीनें अचाट काम झालें. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना सेबॅस्टियन डिसूझा यांनीं दिलेला वाद्यमेळ हा त्याचा एक मोठा आविष्कार होय. परंतु या वांटणींत उपजेची विद्या ज्याच्याकडे परंपरेनें होती तो हिंदुस्थानी पद्धतीचा कलावंत चालीपाशीं थांबला, आणि लेखनाची विद्या ज्याच्याकडे होती तो गोवेकर कागदापाशीं थांबला. दोघे एका खोलींत आले, एका पगारपत्रकावर आले, पण न्यू ऑर्लीन्सप्रमाणें एकमेकांचे शिष्य झाले नाहींत. गोवेकरानें कागद खालीं ठेवून ‘आतां तुमची तान मला शिकवा’ म्हणावें, आणि बुवांनीं पेटी मिटून ‘तुमची स्वरसंगति मला समजावा’ म्हणावें, एवढा निवांतपणा त्या कारखान्यांत नव्हता. घड्याळाच्या हिशेबानें पैसे मोजणाऱ्या खोलींत उपज ही उधळपट्टी ठरते.

ज्यांना ही उणीव जाणवली असे पुरुष त्या मंडळींतहि होते, हें सांगितलें नाहीं तर न्याय होणार नाहीं. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. प्रयत्न स्तुत्य खरा. पण त्याची दिशाहि कागदाकडेच होती. राग स्वरलिपींत बसविला गेला. स्वरलिपि रागाप्रमाणें मोकळी झाली नाहीं. त्यांचा शिष्य प्यारेलाल यानें पुढें लक्ष्मीकांत यांच्या जोडीनें ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका विनोदी गाण्यांत गुरूचें नांव गोंवलें. सबंध देशाला तें नांव मुखोद्गत झालें. परंतु तें एका जिवंत संगीतज्ञाचें आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. चौथ्या इसमाच्या वांट्याला येणारी प्रसिद्धि ही अशी असते.

खुद्द चिक चॉकलेट यांना स्वतंत्र संगीत-दिग्दर्शनाची संधि मिळाली तेव्हां काय झालें तें उद्बोधक आहे. ‘नादान’ (१९५१) या पटांत तलत मेहमूद यांनीं गायिलेलें त्यांचें एक गीत अतिशय मृदु, सुरेल आणि हळुवार आहे. त्यांत ट्रंपेटचा तोरा नाहीं. ज्यानें जॅझ आणला अशी आम्ही वाखाणणी करतों, त्यानें मोकळा हात मिळतांच हिंदुस्थानी गळ्याला शोभेल अशी चाल बांधली. म्हणजे त्यांचें मन दुसऱ्या तीरावर जावयास तयार होतें. नदी ओलांडणें एकाच बाजूनें होत राहिलें, हाच दोष. गोवेकर आमच्याकडे आला; आम्ही त्याच्याकडे गेलों नाहीं, त्याचा कोट तेवढा मागून घेतला.

१९५७ च्या ‘आशा’ या पटांत चितळकरांनीं निरर्थक अक्षरांचें एक गाणें केलें, त्याचा येथें निर्देश केला पाहिजे. आर्मस्ट्राँगनें १९२६ मध्यें अर्थहीन अक्षरांवर गाण्याची तऱ्हा लोकप्रिय केली होती. आमच्याकडे तर तराण्याची परंपरा शतकांची. चितळकरांच्या एका गोवेकर साथीदारानें त्या गाण्यांत कोंकणी शब्दांची भर घातली असें सांगतात. तराणा, जॅझ आणि कोंकणी थट्टा या तिहींचा संगम एका मराठी माणसाच्या हातून झाला, आणि तो इतका सहज झाला कीं कोणाला त्याचें नवल वाटलें नाहीं. खेळ म्हणून जें जमलें तें गांभीर्यानें कां जमूं नये? या गाण्याच्या शेजारीं बसून कोणी जाणता तराणा गाणारा आणि कोणी जाणता ट्रंपेटवादक तासभर वाजवीत बसते, तर आमच्या संगीताच्या इतिहासांत एक नवें पान उघडलें असतें असें आम्हांस वाटतें.

येथवर आलेला वाचक विचारील कीं, मुंबईच्या नृत्यशाळांची ही कथा मराठवाड्याच्या माणसानें कां सांगावी? तर तिचा शेवट त्याच्या दारांत झाला म्हणून. गोऱ्यांच्या छावण्यांतून आणि संस्थानांच्या लष्करी ताफ्यांतून पितळी वाद्यें या देशाच्या लग्नकार्यांत उतरलीं. आमच्याकडेहि हलगीच्या आणि सनईच्या जोडीला क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि मोठा ढोल आले. ग्रेगरी बूथ यांनीं ‘ब्रास बाजा’ (२००५) या इंग्रजी ग्रंथांत अशा ताफ्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर याच वाद्यांपासून जॅझ जन्मला होता. किल्लारीच्या वरातींतला बँडमास्तर सहसा कागद वाचीत नाहीं; ‘अलबेला’चें गाणें त्यानें कानानें घेतलेलें असतें. आणि मौज ही कीं, नवरदेव पारावर थांबला, नाचणाऱ्यांनीं फेर धरला, म्हणजे क्लॅरिनेटवाला गाण्याची ओळ सोडतो. सनईच्या वळणानें एक जागा घेतो, ती फिरवतो, लांबवतो, ढोलवाल्याकडे पाहून समेवर येतो आणि पुन्हां ओळ धरतो. मुंबईच्या कारखान्यांत खिळ्यानें ठोकलेला स्वर येथें मोकळा होतो. त्या वादकाला आर्मस्ट्राँगचें नांव ठाऊक नसेल, चिक चॉकलेटचेंहि नसेल. पण गळून गेलेला प्राण त्याच्या फुंकरींत क्षणभर परत आलेला असतो. आतां ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनीं या ताफ्यांनाहि रस्त्याच्या कडेला लोटलें आहे, ही गोष्ट वेगळी.

या वरातीचें आम्ही उदात्तीकरण करूं इच्छीत नाहीं. तेथील वाद्यें बहुधा बेसूर असतात, आणि वादकाला उपज सुचते ती त्याला कोणी विचारीत नाहीं म्हणून. परंतु कलेच्या इतिहासांत असें अनेकदां घडतें कीं, जें सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत जुळत नाहीं तें अशिक्षितांच्या रस्त्यावर नकळत जुळून जातें. न्यू ऑर्लीन्समध्यें तेंच घडलें. तेथें पुढें त्याची दखल घेणारे, नांवें लिहून ठेवणारे, एकेक तबकडी पुन्हां पुन्हां ऐकून कोणता स्वर कोणाचा हें ठरविणारे टीकाकार निपजले, म्हणून रस्त्यावरच्या खेळाची कला झाली. आमच्याकडे वादक होते, टीकाकार नव्हता. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथानें मुंबईच्या जॅझची हकीकत सांगितली ती इंग्रजींत. ज्या भाषेंत चितळकर विचार करीत आणि ज्या भाषेची बहीण चिक चॉकलेट बोलत, त्या भाषांना त्या हकीकतीवर अद्यापि आपला हक्क सांगावयाचा आहे.

१९६७ सालीं बालगंधर्व गेले आणि महाराष्ट्रानें शोक केला तें योग्यच झालें. त्याच सालीं, वयाची साठी दूर असतांना, चिक चॉकलेटहि गेले. एकानें तीन मिनिटांच्या तबकडींत उपजेचें वैभव दाखविलें. दुसऱ्याला तीन मिनिटांच्या तबकडींत दोन ओळींमधली जागा तेवढी मिळाली. ती जागा त्यानें कशी भरली हें ऐकावयाचें असेल तर ‘अलबेला’चीं गाणीं पुन्हां लावावीं, गळा थांबला कीं आपलें लक्षहि थांबूं देऊं नये, आणि पुढचें कडवें सुरू होईपर्यंत कान उघडा ठेवावा. टीकेचें काम तेथून सुरू होतें.